शेवाळाच्या डिंकावरून त्याची जात ओळखता येते का? (कुलरच्या टाकीतून निघालेला प्रश्न)

हिरवळ_नागपूर

नमस्कार मंडळी. वर्षभर इथं नुसती वाचून राहिली होती, आज पहिल्यांदा धागा काढते. विषय शेवाळाचा आहे, पण इथं वनस्पतीशास्त्रवाले आणि केमिस्ट्रीवाले दोघंही आहेत हे पाहिलंय म्हणून विचारते.

मी नागपूरलाच पीएचडी करतेय, विषय हिरवी सूक्ष्म शेवाळं. मागच्या मे महिन्यात घरचा कुलर धुवायला काढला तर टाकीच्या आतल्या कडेला हिरवा थर, त्यावर बोट फिरवलं की भेंडी चिरताना सुरीला लागते तशी तार सुटत होती. आई म्हणे ब्रशनी घास आणि मोकळी हो, मी खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली उकळून त्यात थोडं भरून ठेवलं. मग त्याच आठवड्यात फुटाळा तलावाच्या काठावरून, अंबाझरी तलावाच्या सांडव्याजवळच्या दगडावरून, सोनेगाव तलावातून आणि आमच्या डिपार्टमेंटच्या व्हरांड्यातल्या माठाच्या बाहेरच्या अंगावरून, असे एकूण ५ नमुने झाले. प्लेटवर रेघा मारून मारून वेगळे केले, ३ महिने गेले त्यात.

आता सूक्ष्मदर्शीखाली पाचही सारखे. हिरवा गोळा, ५ ते ७ मायक्रॉन, आत वाटीसारखं एक हरितलवक, बस. माठवाला थोडा लांबट वाटतो पण तोही कधी कधी. पाचही बाटल्यांवर क्लोरेला लिहून टाकावं असं कुणालाही वाटेल. पण काचपट्टीवर चित्रकलेच्या काळ्या शाईचा, म्हणजे इंडिया इंकचा, एक थेंब सोडला आणि बघतच राहिले. शाईचे कण डिंकात शिरत नाहीत त्यामुळे काळ्या पाण्यात कुलरवाल्या पेशीभोवती पांढरं वलय उभं राहिलं, पेशीच्या जाडीएवढंच रुंद. माठवाल्याला बारीक वलय. बाकी तिघांना काहीच नाही.

हा जो चिकट भाग आहे त्याला आम्ही लॅबमध्ये ईपीएस म्हणतो. पेशी आपल्या भिंतीबाहेर साखरेच्या लांब लांब साखळ्या सोडते, म्हणजे बाभळीचा डिंक जसा सालीतून येतो तसा हा एकाच पेशीचा डिंक. तर माझा प्रश्न, या डिंकात कोणकोणत्या शर्करा आहेत हे काढलं तर त्यावरून ही एकसारखी दिसणारी शेवाळं वेगळी करता येतील का? कुणी केलंय का हे काम? आमच्या गाईडचं म्हणणं करून बघ, पण मला वेळ वाया घालवायचा नाही, फेलोशिपची शेवटची २ वर्ष राहिली आहेत.

अनघाची_आई

मला बाकी कळलं नाही पण कुलरचं वाचून धस्स झालं, आमच्याही टाकीत तो बुळबुळीत थर असतोच. लहान मूल आहे घरात. विषारी असतं का गं ते?

हिरवळ_नागपूर

ताई, हे हिरवं शेवाळ स्वतः विषारी नाही, घाबरू नका. पण त्या थरात बॅक्टेरिया आरामात राहतात आणि साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, थोडी वाळू द्या. नुसतं वरून पाणी ओतत राहू नका.

जुने_मास्तर

बेटा, प्रश्न छान आहे. मी ३० वर्ष शिकवलं आणि दरवर्षी प्रॅक्टिकलला क्लोरेलाची स्लाइड लावली, त्यातल्या किती खरंच क्लोरेला होत्या हे आज छातीठोकपणे सांगू शकत नाही.

क्लोरेला हे नाव बायरिंक यांनी १८९० मध्ये दिलं. त्यानंतर जो तो हिरवा, न हलणारा, गोल दाणा दिसला की त्या नावाखाली टाकत गेला. नावं शंभराच्या वर गेली. आमच्या पिढीचा आधार म्हणजे फिलिपोज यांचा क्लोरोकोकेल्सवरचा १९६७ चा ग्रंथ, आयसीएआर या कृषी संशोधन परिषदेने काढलेला. त्यातली चित्रं समोर ठेवून आम्ही नागपूरच्या शुक्रवारी नावाच्या तलावाचं पाणी तासन् तास बघितलंय. चित्रावरून सीनेडेस्मस ओळखू येतो, पीडियास्ट्रम ओळखू येतो, पण गोळ्याला काय ओळखणार, त्याला ना शिंग ना काटा.

मग जर्मनीत केसलर यांनी दुसरी वाट धरली. कोणतं शेवाळ किती आंबट पाण्यात जगतं, किती मीठ सोसतं, थायमिन हे जीवनसत्त्व बाहेरून लागतं का, हायड्रोजनेज हे एन्झाइम आहे का, नायट्रोजन संपल्यावर लालसर रंग धरतं का, अशा चाचण्या लावून त्यांनी गोळ्यांचे गट पाडले. आणि जपानात ताकेदा यांनी पेशीभित्तिकेतल्या शर्करा तपासल्या. त्यात दोन तट पडले, काहींच्या टणक भिंतीत ग्लुकोसमाइन ही नायट्रोजनवाली शर्करा आणि काहींच्या भिंतीत ग्लुकोज व मॅनोज. हे लक्षात ठेव, कारण १९९९ मध्ये हुस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८एस हा नातं तपासायला वाचतात तो जीन आणि या सगळ्या जुन्या रासायनिक चाचण्या शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा खऱ्या क्लोरेलात फक्त ४ जाती उरल्या, आणि त्या चारही ग्लुकोसमाइनवाल्या. बाकीच्या दूर दूरच्या घराण्यांत गेल्या. पुढे २००४ मध्ये त्या चारातली केसलेरी पण पॅराक्लोरेला या नव्या वंशात गेली.

म्हणजे शर्करा खरं बोलतात, हे एकदा सिद्ध झालंय. पण ती भिंतीची शर्करा होती, बाहेर सोडलेल्या डिंकाची नव्हे. भिंत म्हणजे घराचा पाया, डिंक म्हणजे अंगणातलं सारवण, ते ऋतूप्रमाणे बदलतं. हा फरक नीट सांभाळ.

आणि एक. माठवाल्यात पायरेनॉइड (हरितलवकातला प्रथिनांचा गोळा) पाहिलंस का? आयोडीन टाकून बघ. क्लोरेलाच्या पायरेनॉइडभोवती स्टार्चची कडी असते, ती काळपट निळी उठून दिसते.

पेट्रीडिश

मी मूळचा मानेवाड्याचा, सध्या पुण्यात सिक्वेन्सिंगच्या कामात आहे. हिरवळ, स्पष्ट बोलतो, राग मानू नको. २ वर्ष उरली असतील तर डिंकाच्या मागे काऊन लागून राहिली? डीएनए काढ, १८एस आणि आयटीएस (त्याच्याच शेजारचा, लवकर बदलणारा डीएनएचा तुकडा) वाचून घे, १५ दिवसांत उत्तर.

डिंकावर विश्वास का ठेवू नये याची उदाहरणं देतो. डिक्टिओस्फेरियम घे. डिंकात रुतलेल्या, बारीक देठांनी जोडलेल्या पेशींची वसाहत, इतकी ठसठशीत की कुणालाही वाटेल हा एकच वंश. डीएनए बघितल्यावर कळलं की तशा दिसणाऱ्या वसाहती क्लोरेलाच्या शाखेत पण आहेत आणि पॅराक्लोरेलाच्या शाखेत पण, म्हणजे डिंकात राहायची युक्ती अनेकदा वेगवेगळी जन्मली. उलट पॅराक्लोरेलामधेच बघ, बायरिंकी जातीला डिंकाचं आवरण आहे आणि तिच्या सख्ख्या बहिणीला, केसलेरीला, नाही. कॉकोमिक्सा घे, १९५३ मध्ये कोर्शिकोव्ह यांनी स्यूडोकॉकोमिक्सा वेगळा काढला तो कशावरून, तर पेशीच्या एका टोकाला डिंकाची टोपी आहे म्हणून. आता डीएनएने ती भिंत पाडली, दोन्ही एकाच वंशात.

आणि मायक्रॅक्टिनियमचं तर फारच बोलकं आहे. त्याला लांब केसासारखे काटे असतात. लॅबच्या फ्लास्कमध्ये वाढवलं की काटे गायब, एकदम क्लोरेला. ज्या पाण्यात ब्रॅकिओनस हा शेवाळ खाणारा सूक्ष्म प्राणी (रोटिफर) वाढवलाय ते पाणी घातलं की काटे परत! पेशीच्या बाहेरचं सामान परिस्थितीनुसार बदलतं, त्यावर वर्गीकरण उभं करणं म्हणजे स्वेटर बघून माणसाचं आडनाव सांगणं.

हिरवळ_नागपूर

पेट्रीडिश दादा, राग कशाला, हेच ऐकायचं होतं. पण तुमची सगळी उदाहरणं परत वाचली तर ती डिंक *आहे की नाही* आणि *कसा दिसतो* याची आहेत. टोपी आहे, आवरण आहे, वसाहत आहे. मी विचारतेय डिंक *कशाचा बनलाय* ते. स्वेटर घातलंय की नाही हे थंडीवर अवलंबून, पण लोकर कोणत्या मेंढीची हे थंडीवर नाही ना अवलंबून? डिंकाची साखळी बांधायला एन्झाइम लागतात, ती जीनमध्ये लिहिलेली असतात. अरॅबिनोज जोडणारं एन्झाइमच नसेल तर नायट्रोजन कितीही कमी करा, अरॅबिनोज येणार कुठून?

मास्तर सर, आज आयोडीन लावून बघते. पायरेनॉइडचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

पेट्रीडिश

हा मुद्दा बरोबर आहे, मान्य. पण एन्झाइम जीनमध्ये असलं तरी ते कधी चालू होतं हे परिस्थितीवर आहे. वाढीच्या दिवसांत सोडलेला डिंक आणि कल्चर थकल्यावर सोडलेला डिंक यात शर्करांचं प्रमाण बदलतं. नायट्रोजन संपला, कार्बन हाताशी आहे, पेशी वाढू शकत नाही, मग ती जास्तीचा कार्बन साखळ्या करून बाहेर टाकते. त्यामुळे प्रमाण विसर, कोणती शर्करा हजर आणि कोणती गैरहजर एवढंच धर. आणि पाचही एकाच मीडियात (वाढीच्या द्रवात), एकाच उजेडात, एकाच वयाचे घे.

रसायन_भाऊ

मी पॉलिसॅकराइड तपासणीत १२ वर्ष घालवलीत, शेवाळाचं नाही, डिंकाचंच, खाण्याच्या. पद्धत सांगतो आणि कुठं लोक फसतात ते पण सांगतो, दुसरं जास्त महत्त्वाचं आहे.

कल्चर सेंट्रिफ्यूजवर फिरवा, पेशी खाली बसतील, वरचं पाणी वेगळं घ्या, ते सुटा डिंक. पेशीला चिकटलेला डिंक वेगळा, तो कोमट पाण्यात हलवून काढायचा आणि वेगळाच मोजायचा, दोन्ही एकत्र केले की सगळा गोंधळ. पाणी आटवून थोडं करा, त्यात तिप्पट गार अल्कोहोल हळूहळू सोडा, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. डिंक असेल तर सकाळी पांढरे धागे तरंगताना दिसतात, काचेच्या कांडीला गुंडाळता येतात. मग डायलिसिसच्या नळीत भरून क्षार घालवा. एकूण साखर मोजायला फिनॉल आणि सल्फ्युरिक ॲसिडची रीत, ड्युबॉइस आणि मंडळींची १९५६ ची, आजही तीच चालते, केशरी-पिवळा रंग येतो, ४९० नॅनोमीटरला वाचायचा. कोणत्या शर्करा ते बघायचं असेल तर २ मोलर टीएफए या ॲसिडमध्ये १२० अंशाच्या आसपास तास-दीड तास ठेवून साखळी तोडायची आणि मग टीएलसी, म्हणजे पातळ थराच्या पट्टीवर शर्करांचे ठिपके वेगळे करायचे, किंवा पैसे असतील तर एचपीएलसी, जीसीएमएस ही यंत्रं.

आता फसायच्या जागा. एक, डायलिसिसची नळी सेल्युलोजची असते, धुतली नाही तर तिचंच ग्लुकोज तुमच्या रिपोर्टात येतं. टिश्यू पेपरचा एक तंतू टेस्ट ट्यूबमध्ये पडला तरी फिनॉलच्या चाचणीला रंग येतो, मी स्वतः यात २ आठवडे घालवलेत. दोन, युरोनिक ॲसिडचा, म्हणजे आम्ल शर्करेचा, जोड टीएफएला दाद देत नाही, तो अर्धवट तुटतो, टीएलसीवर खालीच अडकलेला ठिपका दिसतो आणि लोक म्हणतात युरोनिक नाही. त्यासाठी अल्शियन ब्लू हा रंग लावून बघा, पीएच २.५ ला निळं झालं आणि १ ला नाही झालं तर कार्बोक्सिलवाला आम्ल डिंक, दोन्हीकडे झालं तर सल्फेट असायची शक्यता. तीन, ऱ्हॅमनोज आणि फ्यूकोज सारख्याच घरातल्या शर्करा, ठिपके जवळ जवळ पडतात, शेजारी शुद्ध नमुने चालवल्याशिवाय नाव देऊ नका. चार, मिथाइल लागलेल्या शर्करा. शेवाळांत त्या बऱ्याच सापडतात आणि ओळखीसाठी त्याच सगळ्यात कामाच्या, कारण प्रत्येकाकडे नसतात. पण टीएलसीवर त्या वरती पळतात आणि लोक त्यांना कचरा समजून सोडून देतात.

पाचवी जागा बॅक्टेरियाची. कल्चरमध्ये एक जरी बॅक्टेरिया शिरला तरी तुम्ही शेवाळाचा डिंक मोजत नाही आहात. काही बॅक्टेरिया शेवाळापेक्षा जास्त डिंक सोडतात, आणि काही शेवाळाचाच डिंक खाऊन त्यातल्या सोप्या शर्करा आधी संपवतात.

हिरवळ_नागपूर

भाऊ, तुमची पोस्ट प्रिंट काढून बेंचवर चिकटवली आहे. आणि वाचता वाचता पोटात गोळा आला, काय झालं ते सगळं सांगते.

मागच्या महिन्यात पहिली टीएलसी केली होती. पाचही नमुन्यांत गॅलॅक्टोजचा मोठा ठिपका. मला वाटलं वा, सगळी एकाच घराण्यातली. रिपोर्ट लिहायला पण घेतला. आज तुमचं वाचून उठले आणि वही काढली. मी डिंक कुठून घेतला होता, तर अगारच्या प्लेटवरून खरवडून! प्लेट गोठवायला घालतात ते अगार म्हणजे गॅलॅक्टोजचीच साखळी की. मी शेवाळाचा नाही, अगारचा रिपोर्ट लिहीत होते. रात्री ११ वाजता हे कळलं, मग झोप कसली. सगळी पानं फाडली नाहीत, त्यावर लाल पेनानं "अगार" लिहून ठेवलं, पुढं कुणाला तरी उपयोग होईल.

दुसरं. एप्रिलमध्ये आमच्या डिपार्टमेंटच्या कल्चर रूमचा एसी शनिवारी बंद पडला, सोमवारपर्यंत कुणी बघितलं नाही, बाहेर ४४ आणि आत त्याहून जास्त. तक्रारीचा अर्ज ३ महिने आधीच दिला होता. सोमवारी दार उघडलं तर चार नमुन्यांचे फ्लास्क पिवळट, तळाशी बसलेले. सोनेगाववाला मात्र हिरवागार, जणू त्याला कुणी विचारलंच नाही. बाकीचे तिरप्या नळीतल्या साठ्यातून परत उभे केले, फार रडले त्या दिवशी.

मास्तर सर, आयोडीन केलं. कुलर, फुटाळा, सोनेगाव, अंबाझरी, चौघांत काळी कडी स्पष्ट. माठवाल्यात शोध शोध शोधलं, पायरेनॉइडच नाही!

जुने_मास्तर

मग तो क्लोरेला नाहीच. लांबट पेशी, पायरेनॉइड नाही, बारीक डिंक, आणि राहायची जागा पाण्यात नाही तर ओल्या पृष्ठभागावर. मला कॉकोमिक्साचा वास येतो. माठाचं बाहेरचं अंग सतत पाझरतं, उन्हात सुकतं, रात्री परत ओलं, असल्या जागी डिंकाचाच आधार.

सोनेगाववाल्याचं ऐकून आनंद झाला. १९५३ मध्ये सोरोकिन आणि मायर्स यांनी जास्त तापमानात वाढणारा क्लोरेलाचा एक वाण दाखवला होता, ३८-३९ अंशाला जोमानं वाढणारा. पुढे १९६५ मध्ये त्या वाणाला सोरोकिनियाना अशी जात मिळाली. एसी बंद पडला हे वाईटच, पण केसलरनी मुद्दाम लावली असती अशी चाचणी तुझ्याकडे आपोआप होऊन गेली, ती वहीत तारखेसह लिहून ठेव.

आता डिंकाबद्दल. शर्करांवरून हिरव्या शेवाळांचा डिंक तपासायचं मोठं काम राल्फ लेविन यांचं, १९५६ चं. त्यांनी क्लॅमिडोमोनास या दोन शेपट्यांच्या शेवाळाच्या १८ जाती घेतल्या. बऱ्याच जातींच्या डिंकात गॅलॅक्टोज आणि अरॅबिनोज मुख्य. आता बाभळीचा डिंक आठव, त्यातही गॅलॅक्टोज आणि अरॅबिनोज मुख्य, जोडीला ऱ्हॅमनोज आणि ग्लुक्युरोनिक ॲसिड. हिवाळ्यात बाळंतिणीला डिंकाचे लाडू देतो तो डिंक आणि डबक्यातल्या दोन शेपट्यांच्या शेवाळाचा डिंक, मूळ माल एकच. पेट्रीडिशच्या बाजूनं एवढं म्हणता येईल की गॅलॅक्टोज सापडलं म्हणून नातं सिद्ध होत नाही, ते सगळीकडेच सापडतं. ओळख पटवायची तर विरळ शर्करा शोध, आणि कोण कोणाला कुठल्या जागी जोडलंय ते शोध.

आणखी एक उदाहरण रसायनाच्या बाजूनं. बोट्रिओकॉकस ब्रॉनी या शेवाळाचे ए, बी आणि एल असे वाण पाडले ते दिसण्यावरून नाही, कोणता हायड्रोकार्बन बनवतो त्यावरून. आणि ते आजही टिकून आहेत.

काटोलकर_शेतकरी

मी बारावी सायन्सच आहे पण सगळं वाचून काढलं. आमच्या संत्र्याच्या आळ्यात ठिबकच्या नळीखाली हिरवी साय धरते. वाळली की पापडासारखी उचलते आणि खालची माती तिला धरून येते. हा पण डिंकच का? आणि चांगला का वाईट? दुकानदार शेवाळाचं औषध म्हणून बाटल्या विकून राहिले, घ्याव्या का?

हिरवळ_नागपूर

काका, हो, मातीचे कण एकमेकांना धरून ठेवतो तो हाच डिंक. क्लॅमिडोमोनास मेक्सिकाना नावाच्या जातीवर तर मातीला बांधून ठेवण्यासाठी मुद्दाम काम झालंय, ती आपण बनवलेल्या एकूण सेंद्रिय मालाचा पाव भागापर्यंत डिंक म्हणून बाहेर टाकते. पातळ साय असेल तर माती वाऱ्याने उडत नाही, ओल टिकते. पण खोडाला लागून जाड थर सतत ओला राहत असेल तर ठिबक जास्त वेळ चालू आहे असं समजा, संत्र्याच्या खोडाशी पाणी साचणं वाईट, डिंक्या रोगाला तेच आवडतं. बाटलीबद्दल एकच सांगते, त्यावर शेवाळाचं पूर्ण नाव लिहिलंय का बघा. नुसतं "शेवाळ" लिहिलं असेल तर आत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नाही. मी ३ महिने घालवून माझ्याच ५ बाटल्यांची नावं सांगू शकत नाहीये.

काटोलकर_शेतकरी

हाव, खोडापाशी ओलं राहतंच. नळी हात दीड हात सरकवतो. बाटली नाही घेत.

रसायन_भाऊ

काकांच्या निमित्तानं आठवलं. डिंकात युरोनिक ॲसिड असेल तर त्याच्यावर ऋण भार असतो, तांबं, कॅडमियम, शिसं असले धातू तो धरून ठेवतो. कोराडी, खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या राखेच्या तळ्यांचा विचार केला तर कोणत्या शेवाळाचा डिंक आम्ल आहे हे नुसतं वर्गीकरणाचं काम राहत नाही.

जुने_मास्तर

आणि सांडपाण्याचं पण. आपल्या नागपुरात १९५८ ला सीफेरी ही सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संशोधन संस्था सुरू झाली, तीच १९७४ पासून नीरी. ऑक्सिडेशन पाँडवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या उघड्या तळ्यांवर, तिथं खूप काम झालं. त्या तळ्यांत हेच हिरवे गोळे ऑक्सिजन पुरवतात. डिंक सोडणारे एकमेकांना चिकटून खाली बसतात, बिनडिंकाचे पाण्यासोबत वाहून पुढे नदीत. कोणता गोळा कोणता हे कळायला हवं ते यासाठी.

हिरवळ_नागपूर

(अडीच महिन्यांनी)

धागा वर काढते. काम झालंय बरंच.

या वेळी सगळं द्रव मीडियात, बोल्डच्या, ज्यात साखरही नाही आणि अगारही नाही. एकाच दिवशी चढवलं, २१ व्या दिवशी उतरवलं. बॅक्टेरिया आहे का ते पाहायला प्रत्येक फ्लास्कमधला थेंब न्यूट्रिअंट अगारवर. अंबाझरीवाला काही केल्या शुद्ध झाला नाही, अँटिबायोटिक लावलं, ११ वेळा रेघा मारल्या, तरी सोबत एक गुलाबी बॅक्टेरिया राहतोच. त्याला बाजूला ठेवलं, त्याच्या डिंकाबद्दल मी काही बोलणार नाही.

अल्कोहोल घालायचा दिवस विसरणार नाही. मला खात्री होती की सगळ्यात जास्त डिंक कुलरवाल्याचा निघणार, वलय त्याचंच मोठं. सकाळी फ्रीज उघडला तर फुटाळ्याच्या बाटलीत धागे, पांढरे, ओल्या शेवयांसारखे, बाटली तिरकी केली की एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सावकाश सरकणारे. फुटाळावाला, ज्याला शाईत वलयच नव्हतं! मग भाऊंचं आठवलं, सुटा आणि चिकटलेला. हा डिंक करतो पण धरून ठेवत नाही, सगळा पाण्यात सोडून देतो. शाईच्या भरवशावर राहिले असते तर "डिंक नाही" असं लिहून मोकळी झाले असते.

टीएलसी ३ वेळा केली, शुद्ध शर्करा शेजारी लावून, नळी उकळून, रिकाम्या मीडियाचा नमुनाही चालवून. कुलर आणि फुटाळा यांचे ठिपके जवळपास एकावर एक बसतात, वरती पळालेल्या एका ठिपक्यासकट, जो मिथाइलवाला असावा असं भाऊ फोटो बघून म्हणाले. माठवाला पूर्ण वेगळा. सोनेगाववाल्याचा डिंक इतका कमी की एका लिटरमधून टीएलसीला पुरेल एवढा निघाला नाही.

आणि पेट्रीडिश दादांनी १८एस वाचून दिलं, त्यांचे आभार मानावे तेवढे कमी.

पेट्रीडिश

मी सांगतो. सिक्वेन्स मला नुसते १ ते ४ आकडे टाकून पाठवले होते, कोणता कुठला ते माहीत नव्हतं. कुलर आणि फुटाळा पॅराक्लोरेलामध्ये, शेजारी शेजारी. सोनेगाव खऱ्या क्लोरेलात, सोरोकिनियानाजवळ. माठ कॉकोमिक्साच्या शाखेत. मास्तरांनी आयोडीनच्या थेंबावर जे सांगितलं तेच.

डिंकावर मी जे बोललो ते अर्ध मागे घेतो. वलयाबद्दलचं कायम. वलयवाला आणि बिनवलयाचा एकाच वंशात निघाले, जसं बायरिंकी आणि केसलेरी. पण शर्करांनी दोघांना एकत्र आणलं आणि मी डीएनए बघायच्या आधी तुझ्या वहीत ते लिहिलेलं होतं, तारीख पाहिली मी. ४ नमुन्यांवरून नियम होत नाही, पण आयटीएस पण वाचू. दोघं एकाच जातीचे की दोन, हे १८एस सांगणार नाही. आयटीएस२ (आयटीएसचा दुसरा भाग) ची घडी काढून अक्षरांच्या जोड्या बदलल्यात का ते बघावं लागेल.

जुने_मास्तर

बेटा, कुलर आणि फुटाळावाल्याची भिंत पण कर. ग्लुकोसमाइन निघायला पाहिजे, पॅराक्लोरेला त्याच तटातला. नाही निघालं तर कुठंतरी चूक आहे, आधी स्वतःची शोध. आणि सोनेगाववाल्याला नायट्रोजन तोडून बघ, पोट भरलेलं असताना डिंक सोडत नसेल.

हिरवळ_नागपूर

हो सर, भिंतीसाठी पेशी फ्रीझरमध्ये राखून ठेवल्यात. सोनेगावचे ५ लिटर उद्याच चढवते, अर्धे पूर्ण नायट्रेटवर, अर्धे पाव नायट्रेटवर. एसी दुरुस्त झालाय, तरी शनिवार-रविवार मी स्वतः चक्कर मारणार आहे.

अनघाची_आई

मी सगळं वाचून राहिली बरं का. आमच्या कुलरचा थर पण बाटलीत काढून ठेवलाय, बाटली उकळून घेतली तुझ्यासारखीच. धरमपेठेत राहतो, पाहिजे असेल तर घेऊन जा.

हिरवळ_नागपूर

ताई, पाहिजे म्हणजे काय, पाहिजेच! झाकण घट्ट लावू नका, थोडं सैल ठेवा, आणि बाटली खिडकीत ठेवा पण थेट उन्हात नको. रविवारी दुपारी येते.